एकच सीएल (किरकोळ रजा) उरलीय, टेनिस स्पर्धेचा कोणता दिवस निवडू?

स्टेफीप्रेमी
मंडळी, सल्ला हवाय.

पुढच्या आठवड्यात आपल्याकडे सोलापुरात, कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) महिला टेनिस स्पर्धा आहे. मी १९८८ पासून टेनिस बघते. त्या वर्षी स्टेफी ग्राफने चारही ग्रँड स्लॅम जिंकली आणि वर सोलचं ऑलिंपिक सुवर्णही मिळवलं. मी तेव्हा सातवीत होते. आमच्या घरी टीव्ही नव्हता, विम्बल्डनची फायनल शेजारच्या काकूंच्या ओसरीवर बसून पाहिली होती. १९९९ ची फ्रेंच ओपन फायनल, हिंगिसविरुद्धची, लग्नानंतर सासरी पाहिली. ४-६, ७-५, ६-२ हा स्कोअर मला अजून पाढ्यासारखा पाठ आहे.

पण कोर्टाशेजारी बसून एकही मॅच आजवर पाहिलेली नाही. स्पर्धा गावात असूनही नाही! नेमके त्याच दिवसांत शाळेचं गॅदरिंग असतं आणि नाच बसवायचं काम माझ्याकडे. यंदा मात्र जायचंच. वर्षाची एक सीएल शिल्लक आहे. फायनल रविवारी, पण त्या दिवशी अक्कलकोटला भाचीचा साखरपुडा आहे, तिथे मला पहाटेपासून उभं राहायचंय. म्हणजे मंगळवार ते शुक्रवार यातला एकच दिवस. कोणता घेऊ? आणि दिवसभर बसायचं तर कुठे बसावं, सोबत काय न्यावं?

होटगीरोड
शुक्रवार. त्या दिवशी क्वार्टर फायनल असते. तोवर कच्च्या खेळाडू गळालेल्या असतात, जो खेळ दिसेल तो चांगलाच दिसेल. एकच दिवस मिळतोय तर दर्जा बघा.

बेसलाईन
होटगीरोड, तुमचं म्हणणं पटतं, पण ताईंना मी मंगळवार किंवा बुधवार सांगेन.

कारण साधं आहे. मुख्य ड्रॉ ३२ जणींचा. पहिल्या फेरीच्या १६ मॅचेस मंगळवार-बुधवारमध्ये वाटलेल्या असतात, त्यात दुपारनंतर डबल्स सुरू होतात. सगळ्या कोर्टांवर एकाच वेळी खेळ चालू असतो. एका ठिकाणी एकतर्फी चाललं की उठून दुसरीकडे जायचं. शुक्रवारी सिंगल्सच्या चारच मॅचेस. त्यातल्या दोन ६-१, ६-२ अशा आटोपल्या तर सीएल गेली पाण्यात.

आणि पहिल्या फेरीत एक भूक असते. क्वालिफायरमधून (पात्रता फेरीतून) आलेली मुलगी दोन दिवस मॅचेस खेळून, हात गरम करून उतरते. समोरची मानांकित कालच विमानातून उतरलेली असते. पहिला सेट कोण घेईल सांगता येत नाही.

कडकभाकरी
सोबत काय न्यावं याचं उत्तर माझ्या नावातच आहे :) चार भाकऱ्या, शेंगा चटणी, वर दही. पाच वाजेपर्यंत उठायची गरज नाही.

जुळेसोलापूर
थोडं वेगळं मत मांडतो, कुणी रागावू नका. या स्पर्धेत रँकिंगला तीनशे-चारशेच्या आसपासच्या मुली असतात. पस्तीस वर्षं स्टेफी, सेलेस, सेरेना बघितलेल्या माणसाला त्यात काय दिसणार? मी तर घरी बसून टीव्हीवर सबालेंकाच बघेन.

बेसलाईन
जुळेसोलापूर, तुम्ही बरोबर नाव घेतलंत. हीच सबालेंका २०१७ मध्ये मुंबईत सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या) कोर्टवर खेळली आणि स्पर्धा जिंकून गेली. ग्रँड स्लॅम तेव्हा लांब होतं. पुढे २०२३ आणि २०२४ ला तिने ऑस्ट्रेलियन ओपन घेतली, २०२४ आणि २०२५ ला यूएस ओपन. २०२५ च्या मुंबई ओपनमध्ये कोइम्बतूरची माया राजेश्वरन पंधराव्या वर्षी क्वालिफायरमधून येऊन थेट सेमीफायनलला पोचली. ज्यांनी तिच्या पहिल्या मॅचला पायऱ्यांवर जागा धरली होती, त्यांना विचारा काय वाटलं ते.

पूर्वभाग
बेसलाईनना +१. माझी गोष्ट सांगतो.

आमचे निम्मे नातेवाईक हैदराबादला. २००५ च्या फेब्रुवारीत मावशीकडे लग्न होतं आणि त्याच आठवड्यात तिथे डब्ल्यूटीएची, म्हणजे महिलांच्या मुख्य व्यावसायिक टूरची स्पर्धा. मावसभाऊ म्हणाला, सानिया खेळतेय, येतोस का? मी लग्नाच्या जेवणावळीतून उठून गेलो. भारतीय मुलीने सिंगल्सचं डब्ल्यूटीए विजेतेपद पहिल्यांदा जिंकलं ते त्या स्पर्धेत. तिचा फोरहँड बसला की लोक आधी एकदम गप्प व्हायचे आणि मग स्टेडियम फुटायचं. ती मधली शांतता टीव्हीवर कधी ऐकू आली नाही. मावशी अजून म्हणते, पंगतीत तुझं ताट तसंच राहिलं होतं.

बालेवाडीवाला
सानियाचं ऐकून मलाही लिहावंसं वाटलं. मी मूळचा आसरा चौकातला, आता पुण्यात. बालेवाडीला महाराष्ट्र ओपन होती तेव्हा सोलापूरहून दोन मित्र सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने आले होते, २०१९ च्या फायनलला. अँडरसन विरुद्ध कार्लोविच. एक २०३ सेंटिमीटर, दुसरा २११. तिन्ही सेट ६-६ होऊन टायब्रेकला गेले आणि शेवटचा टायब्रेक अँडरसनने ७-५ ने काढला. कार्लोविच तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. सर्व्हिसचा चेंडू दिसायचा नाही, मागच्या पडद्यावर आपटल्याचा आवाज तेवढा यायचा. मित्रांची परतीची गाडी हुकली. रात्रीच्या एसटीने उभ्याने गेले आणि सकाळी फोन करून म्हणाले, पुढच्या वर्षी परत.

पण खरं सांगू? तिथे आम्ही बरेच वर बसलो होतो. आपल्या सोलापूरच्या स्पर्धेत तुम्ही खेळाडूपासून चार पावलांवर बसता. ते बालेवाडीला पैसे मोजूनही मिळालं नसतं.

निवांत
वाचतेय. छान धागा.

कडकभाकरी
एक शंका. आपल्या स्पर्धेला डब्ल्यू ३५ म्हणतात ते ३५ हजार डॉलरची स्पर्धा म्हणून ना?

बेसलाईन
नाही, हा घोळ सगळ्यांचाच होतो. पूर्वी डब्ल्यू २५ म्हटलं की २५ हजार डॉलर, असं होतं. २०२४ पासून नावं बदलली. आता तो आकडा विजेतीला मिळणाऱ्या रँकिंग गुणांचा आहे. डब्ल्यू १५, ३५, ५०, ७५, १०० अशा पायऱ्या. म्हणजे आठवडाभर लढून इथे जिंकणाऱ्या मुलीला ३५ गुण. ग्रँड स्लॅम जिंकणारीला २०००. आता विचार करा, त्या वरच्या पायऱ्यांपर्यंत पोचायला अशा किती गावांतून जावं लागत असेल.

सईचीआई
बेसलाईन यांच्या शेवटच्या वाक्यावर थांबले.

माझी मुलगी ज्युनियर खेळते. राज्यभर स्पर्धा करतो. रात्रीचा प्रवास, रॅकेटची बॅग बर्थवर आणि तिची आई खाली पेपर टाकून. बुटांचा सोल दोन महिन्यांत उडतो. तारा तुटल्या की विणून घ्यायच्या, त्याचा खर्च दर आठवड्याचा. गेल्या वर्षी एका ठिकाणी आम्हाला राहायची सोय सांगितली होती, पोचलो तर खोलीच नव्हती. मुलगी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये झोपून सकाळी नऊला कोर्टवर उतरली. जिंकली ती मॅच.

म्हणून जुळेसोलापूर, तुम्हाला हात जोडून सांगते, तीनशे-चारशे नंबर म्हणजे काय ते आकड्यावरून ठरवू नका. जगातल्या चारशे जणींत नाव असणं म्हणजे लहानपण त्या रेघांच्या आत घालवलेलं असतं. यांच्यातली एखादी पुढे सबालेंका होईल म्हणून बघायला जाऊ नका. ती आज काय खेळतेय ते बघायला जा. पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीच्या हातात जे पैसे पडतात त्यात तिचं विमानाचं तिकीटसुद्धा निघत नाही, तरी ती पुढच्या सोमवारी दुसऱ्या गावात असते.

जुळेसोलापूर
सईचीआई, माझे शब्द मागे घेतो. तुमच्या मुलीला शुभेच्छा. ती सोलापूरला खेळायला आली तर सांगा, टाळ्या वाजवायला मी पुढच्या रांगेत.

टेरीकाका
टाळ्यांवरून आठवलं. आपल्या लोकांना एक सांगा कुणीतरी, डबल फॉल्टला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या की, टाळ्या वाजवायच्या नसतात. मागे गेलो होतो तेव्हा शेजारची पोरं प्रत्येक डबल फॉल्टला "एऽऽ" करून ओरडायची. ती मुलगी परदेशातून आलेली, एकटी. मलाच कसंतरी झालं. मी त्यांना भजी खिलवली आणि समजावलं, तेव्हा गप बसली.

होटगीरोड
पण काका, इतकं शांत का बसायचं? क्रिकेटला आपण पार्क मैदानावर बोंबलतो की. खो-खोत तर विचारू नका.

बेसलाईन
खेळाडू कानानेही खेळतो, म्हणून. समोरच्याच्या रॅकेटवरून चेंडू सुटतानाच्या आवाजावरून कळतं की फटका सपाट आहे, कापलाय की वरून घासलाय. डोळ्याला दिसायच्या आधी पाय हलायला लागतात. आवाज दबला की अर्धा क्षण उशीर, आणि या खेळात अर्धा क्षण म्हणजे पॉइंट. रॅली संपली की मात्र मनसोक्त ओरडा, त्यांनाही ते हवं असतं. आणि उठबस फक्त बाजू बदलताना करायची, पॉइंट चालू असताना पाठीमागून कुणी हललं की सर्व्हिस करणारी थांबते.

स्टेफीप्रेमी ताई, बसायचं कुठे ते राहिलं. कोर्ट उत्तर-दक्षिण आखलेलं असतं. सकाळी पूर्वेच्या बाजूला बसा, ऊन पाठीवर राहील. दुपारनंतर पश्चिमेला सरका. पण निदान एक सेट बेसलाईनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेघेच्या मागे, कोपऱ्यात बसून बघा. बाजूने नुसती मान इकडून तिकडे होते. मागून चेंडू वळताना दिसतो.

टेरीकाका
आणि ताई, एक माझं काम करा. पस्तीस वर्षं टॉवेलच्या धंद्यात काढली. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेल्या सोलापुरी टेरी टॉवेलच्या गावात येऊन या मुली कुठल्या टॉवेलला तोंड पुसतात ते बघून सांगा.

स्टेफीप्रेमी
सगळ्यांचे आभार. बुधवारची रजा टाकली. मुख्याध्यापक बाईंनी कारण विचारलं, मी खरं तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, फोटो दाखवा.

कडकभाकरी
बाई भल्या दिसतात. त्यांच्यासाठी शेंगापोळी न्या गुरुवारी.

अक्कलकोटकर
धागा वर काढतो. बुधवार होऊन दोन दिवस झाले. ताई, वृत्तांत कुठाय?

स्टेफीप्रेमी
लिहायला बसले की परत कोर्टावरच जाते, म्हणून उशीर झाला. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

पावणेनऊला पोचले. गेटवर कुणी अडवलं नाही, तिकीट नाही. फळ्यावर दिवसाच्या मॅचेसचा कागद डकवलेला. थंडी होती, सिमेंटच्या पायऱ्या गार. बेसलाईन यांनी सांगितलं तसं पूर्वेकडे बसले.

पहिला फटका ऐकला आणि अंगावर काटा आला. टीव्हीवर जो "पक" असा येतो ना, तो इथे छातीत लागतो. पहिले दोन गेम मला खेळ कळलाच नाही, नुसता आवाज ऐकत होते. मग हळूहळू डोळे बसले. सगळ्यात आश्चर्य वाटलं ते उंचीचं. मला वाटायचं चेंडू नेटला घासून जातो. छे! चांगला हातभर वरून जातो आणि पलीकडे गेल्यावर कुणी दोरीने खेचल्यासारखा खाली येतो. इतकी वर्षं वरच्या कॅमेऱ्यातून पाहून हे कधी कळलंच नव्हतं.

दुसरी मॅच बेसलाईनच्या मागून पाहिली. आपल्याकडची एक मुलगी, वीस-एकवीसची असेल, आणि समोर एक जपानी मुलगी, तिच्यापेक्षा बुटकी. आपली मुलगी माझ्या बाजूला होती. सर्व्हिसआधी तिचं एक ठरलेलं होतं. बॉलगर्लकडून तीन चेंडू घ्यायचे, तिन्ही तळहातावर फिरवून त्यांची लव बघायची, ज्याची लव फुगलीय तो परत टाकायचा, एक स्कर्टखाली खोचायचा, एक हातात. प्रत्येक पॉइंटला. आमच्या सासूबाई मंडईत लिंबं निवडतात त्या लक्षाने. नंतर कळलं, लव बसलेला चेंडू हवेत जास्त पळतो, म्हणून पहिल्या सर्व्हिसला तो.

अकराच्या सुमारास एक गोष्ट झाली. बाजू बदलून ती उत्तरेच्या टोकाला गेली, म्हणजे तोंड दक्षिणेला. डिसेंबरातलं ऊन दक्षिणेकडूनच येतं. चेंडू वर उडवला की सूर्य बरोबर डोळ्यांत. लागोपाठ दोन डबल फॉल्ट. तिने एकदा हात आडवा धरून वर पाहिलं, मग चेंडू नेहमीपेक्षा वीतभर डावीकडे उडवायला लागली. त्यामुळे सर्व्हिसचा जोर गेला, वळण आलं. समोरचीला ते वळण उमगेना! तो एक गेम सात वेळा ड्यूसला, म्हणजे ४०-४० बरोबरीला गेला. मी बोटांवर मोजत होते, उजव्या हाताची संपली, डाव्यावर गेले. शेवटी गेम तिने राखला. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, नातू बॉलबॉय म्हणून आलेला. तेलुगू-मराठी मिसळून बोलायच्या. त्यांनी मला सकाळी विचारलं होतं, "एक पॉइंटला पंधरा का देतात गं?" मला नीट सांगता आलं नाही. पण या गेमनंतर त्या माझा हात धरून उभ्या राहिल्या.

तरी ती मॅच हरली. तिसऱ्या सेटला पाय जड झाले, ते मागून स्पष्ट दिसत होतं. चेंडूपर्यंत पोचत होती, पण शेवटची दोन छोटी पावलं पडत नव्हती. जपानी मुलीने नेटजवळ हळूच एक ड्रॉप शॉट टाकला, आपली निघालीच नाही. हात मिळवले, पंचांशी हात मिळवला, आणि खुर्चीत बसून टॉवेल डोक्यावर ओढून घेतला. टेरीकाका, मला त्या टॉवेलकडे निरखून बघवलं नाही. माफ करा.

दुपारी पश्चिमेला सरकले. भाकरी, चटणी, दही झालं, आजींना अर्धी दिली. अडीचला डबल्स सुरू झालं. एक जोडी उतरली, आणि मी डोळे चोळले. सकाळची आपली मुलगी, आणि तिच्या शेजारी तीच जपानी मुलगी! जिने तीन तासांपूर्वी हिला हरवलं तिच्याच बाजूने ही खेळत होती. दोघींची भाषा वेगळी. प्रत्येक पॉइंटनंतर रॅकेटने तोंड झाकून काहीतरी बोलायच्या, मग तळव्यावर तळवा. पहिला सेट गेला, दुसरा घेतला, आणि मग दहा गुणांचा टायब्रेक.

स्टेफीला मी डोळे भरून पाहिलंय. पण बुधवारी जे पाहिलं ते पहिल्यांदाच पाहिलं. कुणालाही विचारलं तर मी आता पहिल्या फेरीचा दिवसच सांगेन.

सईचीआई
ताई, टॉवेल डोक्यावर ओढून घेतला हे वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला. सईही असंच करते. आणि हो, डबल्सचं खरं आहे. जोडीदार बहुतेक वेळा दोन-तीन दिवस आधी मेसेज करून ठरतात. ड्रॉ निघाल्यावर कळतं की तीच सिंगल्सला समोर आहे.

पूर्वभाग
त्या आजी आमच्याच गल्लीतल्या असणार :) आमच्याकडे सगळ्या आजी हात धरूनच मॅच बघतात.

टेरीकाका
माफी कसली? चांगलं केलंत नाही बघितलंत ते.

होटगीरोड
शुक्रवारचा माझा सल्ला परत घेतो. पण टायब्रेकचं काय झालं? जिंकल्या का दोघी?

स्टेफीप्रेमी
अरे, तेच राहिलं लिहायचं! १०-८. शेवटचा पॉइंट आपल्या मुलीने नेटवर व्हॉली मारून घेतला. जपानी मुलीने रॅकेट टाकलं आणि तिला उचललंच, स्वतः बुटकी असून. काल आणि आज त्यांच्या डबल्सच्या पुढच्या मॅचेसही झाल्या, शाळेतून सुटून गेले तोवर संपल्या होत्या. त्याही जिंकल्या. म्हणजे उद्या डबल्सची फायनल. शनिवारी आमची शाळा सकाळची, बाराला सुटते. साडेबाराला मी पश्चिमेच्या पायऱ्यांवर असेन.

जुळेसोलापूर
दोन जागा धरा. मी आणि माझी मुलगी. तिला आजच सांगितलं.

कडकभाकरी
शेंगापोळ्या माझ्याकडे. किती जण आहात ते रात्री दहापर्यंत लिहा.

पूर्वभाग
मी एक. आणि गल्लीतल्या आजी, नातवाला न्यायला येतायत.